ओइस्टिन्सच्या त्या सगळ्यांना खूप खूप थँक्यू

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर शुक्रवारी रात्री ओइस्टिन्स या कोळ्यांच्या गावातला फिश फ्राय (ताजे मासे तळून-भाजून देणारा खाऊबाजार) म्हणजे नुसती जत्रा, तिथे आम्हाला सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्यात आधी त्या ग्रिलवरच्या मावशी, एवढी मोठी लाईन असताना आमच्या शाकाहारी आईसाठी वेगळा चमचा घेऊन मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि तळलेली केळी वाढली, आणि आम्हाला फ्लाइंग फिश नि गरमागरम माहीमाही मासा, वर तो मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा पिवळा सॉस, बाई गं काय झणझणीत, आपल्या ठेच्याच्या तोडीचा! मग ते आजी-आजोबा, जे जुन्या गाण्यांवर जोडीने इतकं सुंदर नाचत होते की आम्ही खाणं विसरून बघतच बसलो, त्यांनी बाबांना हाताला धरून उठवलं आणि अगदी सावकाश एकेक स्टेप शिकवली, बाबा एरवी लग्नाच्या वरातीतही नाचत नाहीत हो, आणि इथे चक्क रम पंच बाजूला ठेवून नाचले. आणि झेडआर व्हॅनचा, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचा, तो कंडक्टर दादा, गच्च भरलेल्या गाडीत आईबाबांना जागा करून दिली, नेहमीचे माणशी साडेतीन बार्बाडोस डॉलरच घेतले, आणि सेंट लॉरेन्स गॅपला उतरल्यावर हॉटेलची गल्लीसुद्धा दाखवली. देव तुम्हा सगळ्यांचं भलं करो!