लॉनमधली हुमणी ओळखून देणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,
सा. न.

दुधाचा रतीब घालता घालता तुम्ही आमचं लॉन हुमणीपासून, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीपासून, वाचवलंत. तोंडावर आभार मानले की "असू द्या की वैनी" म्हणत किटली उचलून चालू लागता, म्हणून हे उघड पत्र. रुईकर कॉलनीत आणखीही काही घरांपुढे तसंच पिवळं गवत दिसतंय, त्यांनाही वाचता येईल.

भर पावसाळ्यात गवत वाळत होतं. कुणी बुरशी म्हणालं, कुणी युरिया टाका म्हणालं. एका दुकानात तर काहीच न बघता औषधाची बाटली पुढे केली. तुम्ही फाटकातूनच साळुंक्या एका जागी चोची मारताना पाहिल्यात आणि खुरपं मागितलंत. "पाणी कमी न्हाई पडल्यालं, मुळं कुणीतर खातंय." हिरवं आणि पिवळं गवत जिथे मिळतं, तिथे फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापलात आणि गवत चटईसारखं उलटलं. मुळंच उरली नव्हती. बुरशी असती तर मुळांनी माती धरून ठेवली असती, हे तेव्हा कळलं. वरच्या दोन-तीन इंच मातीत पांढुरक्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या: तपकिरी डोकं, पुढे सहा पाय, शेपटाकडे कातडीतून दिसणारी काळपट माती. उसाला लागते तीच हुमणी.

माझ्या शेणखतात निघालेल्या अळ्याही मी घाबरून तुमच्यापुढे आणल्या. तुम्ही एक फरशीवर सोडलीत. ती पाठीवर पडून, पाय वर करून सरसर निघाली. "ही कुजकं खाणारी, हिला मारू नका." लॉनमधली मात्र कुशीवर पडून वळवळत राहिली. इतकी साधी पारख मला दुसऱ्या कुणीच सांगितली नव्हती.

चौरस फुटात एखाददुसरी अळी असेल तर चांगलं लॉन ती सोसतं, पाच-दहा निघाल्या की उपाय करायचा, हेही तुमचंच. पोरं तिथे खेळतात म्हणून तुम्ही जहाल औषध टाकू दिलं नाहीत. अळ्यांना मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पावडर पाण्यात कालवून, ऊन उतरल्यावर, ओल्या मातीत झारीने मुरवली. फळ दिसायला वेळ लागला, पण पुढे मातीत हिरव्या बुरशीने माखलेल्या मेलेल्या अळ्या सापडू लागल्या. अळ्या लहान असतानाच हे करायला हवं, मोठ्या झाल्या की आवरत नाहीत, हा तुमचा मुद्दा मी आता सगळ्यांना सांगते.

वळीव पडला की संध्याकाळी या अळ्यांचे झालेले भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळ, बोरीवर जमतात. मग माद्या मातीत अंडी घालतात. म्हणून त्याच वेळी फांद्या हलवून, खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. कोपऱ्यावरच्या निंबाखाली हे काम गल्लीने मिळून करायचं ठरलंय. बादल्या, काठ्या आमच्या. पहिल्या वळवाला तुम्ही मात्र संध्याकाळी मोकळे राहा, कोणती झाडं आधी हलवायची ते तुम्हालाच दाखवायचंय.

आपली,
रुईकर कॉलनीतली वैनी