बिडाला निघण्याआधी

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय विनायक,
स. न. वि. वि.

नायजेरियातल्या बिडाच्या भातगिरणीचं काम तुझ्या गळ्यात पडलं हे कळलं. "तिथले लोक हौसाच ना?" असं तू विचारलंस, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. हौसा ही उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांची भाषा तिथे बाजारात चालते, तुझं रोजचं काम तीवर भागेलही. पण बिडा हे नुपे लोकांचं गाव आहे, त्यांच्या राजाची गादी तिथे आहे. नुपे भाषेचं हौसाशी नातं नाही. तिची सख्खी बहीण शेजारची ग्वारी, आणि चुलत नातं नैऋत्य नायजेरियातल्या योरुबाशी. एका माणसाला म्हणतात 'नुपेची'. मराठी कानाला वाटतं, पुढे काहीतरी यायचंय. अनेकवचनाला 'झी' लागतो: नुपेचीझी.

भाषा सुरांची आहे. 'बा' उंच सुरात म्हटलं तर आंबट असणं, मधल्या सुरात कापणं, खालच्या सुरात मोजणं. तुला गिरणीत पोती मोजून घ्यायची आहेत, तेव्हा हे एक अक्षर पहिल्या आठवड्यातच घोटून घे.

आता इतिहास. तिथे कुणालाही विचार, तो त्सोएदेपासून सुरुवात करील. नायजर नदीच्या खालच्या अंगाला इदाह आहे, तिथे इगाला लोकांचा राजा, त्याला अत्ता म्हणतात. नुपे गावं त्याला खंडणी म्हणून दरवर्षी माणसं पाठवायची. त्सोएदे हा अत्ताचा मुलगा, पण आई नुपे. तो खंडणीतल्या गुलामांबरोबरच इदाहला पोचला आणि बापाने त्याला ओळखलं. पुढे सावत्र भावांच्या भीतीने बापाने त्याला राजचिन्हं देऊन नदीने वर पाठवलं: काशाची होडी, कर्णे, नगारे, आणि लोखंडाची साखळी. त्याने नुपे गावं एक केली, एत्सू म्हणजे राजा झाला, कादुना नदीकाठी ग्बारा वसवलं. हा काळ सोळाव्या शतकातला मानतात.

ही कथा ऐकताना खरं-खोटं करत बसू नकोस. ती सनद आहे. होडीतून लोहार आणि ओतारी आले, म्हणून आजचे लोहार म्हणतात आमचा धंदा त्सोएदेचा. ज्या गावात त्याची साखळी आहे, त्या गावाला न्यायनिवाड्याचा मान. तुमचा हक्क कुठून आला, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तिथला इतिहास. आपल्याकडे वतनाचे कागद पेटीत ठेवायचे. तिथे वतन गोष्टीत ठेवलंय.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे नायजरच्या काठावरच्या ताडा गावची बसलेली मूर्ती. गाव म्हणतं, त्सोएदेने आणली. मूर्ती मात्र इफे या योरुबांच्या जुन्या राजनगराच्या शैलीतली आहे आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपासची ठरते, म्हणजे त्सोएदेहून बरीच जुनी. उंची जेमतेम ५४ सेंटिमीटर. तुझ्यासारख्या मेकॅनिकलवाल्याने बघायची गोष्ट निराळीच आहे: ती जवळजवळ शुद्ध तांब्याची आहे. पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळतं आणि साच्यात पाण्यासारखं पळतं. तांब्याला १०८५ अंश लागतात, रस जाड राहतो, लवकर थिजतो, आणि वायू शोषून घेत असल्याने ओतकामात भोकं पडतात. म्हणून शुद्ध तांब्यात एवढी मूर्ती ओतणं हे धाडसच. तिच्यावर दुरुस्तीची ठिगळं आहेत, ती त्याचीच खूण. गावकरी दर शुक्रवारी तिला नदीवर नेऊन वाळूने घासायचे, मासळी भरपूर मिळावी आणि घरात मुलंबाळं व्हावीत म्हणून. त्या घासण्याने अंगावरची नक्षी गुळगुळीत झाली. आता ती लागोसच्या संग्रहालयात आहे. संग्रहालयवाल्यांना झिजलेली दिसते, ताडाच्या माणसाला वापरलेली.

पुढचं राजकारण थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मल्लम देंदो नावाचा फुलानी (पश्चिम आफ्रिकेतल्या एका मुसलमान पशुपालक जमातीतला) धर्मपंडित आला. नुपे गादीसाठी दोन राजपुत्र भांडत होते. त्याने दोघांना आळीपाळीने हाताशी धरलं आणि सत्ता आपल्याकडे ओढली. त्याच्या मुलांची नावं, उस्मान झाकी आणि मसाबा, तुला रोज ऐकू येतील. सरदार उमर बहौशे याचं बंड १८५७ साली मोडलं आणि बिडा राजधानी झाली. तेव्हापासून उस्मान झाकी, मसाबा आणि उमरू मजिगी या तीन घराण्यांत गादी पाळीने फिरते. गादीचा वारस तो शाबा, त्याखाली क्पोतुन, मग माकुन. ही माणसांची नावं नव्हेत, हुद्दे आहेत; एकाच माणसाला वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या नावाने हाक मारलेली ऐकलीस तर गोंधळू नकोस, त्याला बढती मिळाली. १८९७च्या जानेवारीत रॉयल नायजर कंपनी या इंग्रज व्यापारी कंपनीने पाचेकशे शिपाई आणि मॅक्सिम तोफा घेऊन बिडाच्या कितीतरी मोठ्या फौजेला हरवलं. आत्ताचे एत्सू याहया अबुबकर २००३पासून गादीवर आहेत.

सनदेचा तोच खेळ इथेही बघ. विजयी फुलानींनी पदवी मात्र एत्सू हीच ठेवली, भाषा नुपेच उचलली. त्सोएदेची गोष्ट मोडली असती तर त्यांच्या पायाखालची जमीनच गेली असती.

गावात कामाची रीत अशी: घरातला कर्ता पुरुष म्हणजे एमित्सो. त्याच्या हाताखाली भाऊ, मुलं, पुतणे मिळून जे सामायिक काम करतात ते एफाको, मग ते शेत असो की भट्टी. त्यातून सगळ्यांचं जेवण, कर, लग्नखर्च भागतो. उरलेल्या वेळात एखाद्याने स्वतःचं केलेलं काम ते बुचा. त्याचे पैसे त्याचे. एखादा मजूर दुपारनंतर गायब झाला तर आळशी समजू नकोस, बुचावर गेला असेल. आणि एका माणसाशी मजुरी ठरवलीस तरी एमित्सोला कळवल्याशिवाय ती पक्की धरू नकोस. त्याला भेटायला घरात घुसायचं नाही. दारापाशी गोल देवडी असते, कतंबा. तिथे बसायचं, बोलावण्याची वाट बघायची. देणंघेणं उजव्या हाताने, हे तुला सांगायला नको.

बिडातलं बघण्यासारखं म्हणजे मसागा वाडा, काच करणाऱ्यांचा. हे लोक त्सोएदेचं नाव घेत नाहीत. आमचे पूर्वज इजिप्तहून आले म्हणतात. पुन्हा सनदच, फक्त दुसऱ्या दरबाराची. गोल झोपडी, मधोमध मातीची बसकी भट्टी, एका अंगाला भाता मारणारा, भोवती कारागीर. भाता गाण्याच्या ठेक्यावर चालतो. ते गाणं म्हणजे घड्याळ आहे: ठेका ढिला पडला की ताव उतरतो आणि काच सळईला धरत नाही. कच्चा माल म्हणजे फुटक्या बाटल्या. बिअरच्या हिरव्या-तपकिरी, मलमाच्या डब्यांच्या पांढऱ्या. लोखंडी सळईने भट्टीतून काचेचा गोळा उचलायचा, दुसऱ्या सळईवर गुंडाळायचा, चपट्या पात्याने गोल करायचा, मणी झाला. बांगडी करताना हेच कडं तापवून, सळईवर गरगर फिरवत मोठं करत नेतात, त्यामुळे तिला सांधा नसतो. झालेला माल राखेत हळूहळू निवू द्यायचा. घाई केली, वारा लागला, की कडकन तडा. दुसरी चूक म्हणजे दोन जातींच्या बाटल्या एकत्र करणं. प्रत्येक काच निवताना वेगळी आखडते. रंगीत पट्टी मूळ मण्याशी जुळली नाही तर दोन दिवसांनी खिशातच मणी फुटतो.

बाटल्या येण्याआधी ते काच मुळापासून करायचे, वाळू आणि चाडकडून येणारा सोडाखार वितळवून. ती काळपट काच. तिचं नाव बिकिनी. हसून घे, पोहण्याच्या कपड्याशी तिचा संबंध नाही. बाटलीच्या काचेला म्हणतात क्वालाबा, म्हणजे हौसात सरळ 'बाटली'.

पितळकाम तुला कळेलच, तांबट आळीतल्या मठारकामाची आठवण येईल: पत्रा ठोकून तबकं, झाऱ्या, ओगराळी, वर पोगराने ठोकलेली नक्षी. लाकडी चौरंगही घे, अखंड ओंडक्यातून कोरलेला, पाय धरून. पाय चिकटवलेले दिसले तर तो बिडाचा नव्हे.

आता बायका. नुपे बायका पूर्वापार व्यापार करतात, दूरच्या बाजारांपर्यंत जातात, आणि पुष्कळदा नवऱ्याहून जास्त कमावतात. पूर्वी नवरे पुष्कळदा त्यांच्या कर्जात असायचे. झीगफ्रीड नाडेल या मानववंशशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात तिथे राहून अभ्यास केला. त्याला दिसलं, की नुपे लोकांत चेटकाचा आळ फक्त बायकांवर येतो, शेजारच्या ग्वारींत मात्र स्त्री-पुरुष दोघांवर. त्याने बोट ठेवलं ते या कर्जावर. ग्वारी बायका असा व्यापार करत नव्हत्या. मला हे पटतं. चेटकिणींचा बंदोबस्त करणारा मुखवटा म्हणजे न्दाको ग्बोया: कापडाची उंच नळकांडी, आत एक माणूस लांब काठीने ती वर उचलून धरतो, त्यामुळे ती घरापेक्षा उंच होते, वाकते, अचानक बसते. त्याचं येणं टाळायला बायकांकडून पैसे उकळले जाऊ लागले, तेव्हा इंग्रज प्रशासनाने त्यावर बंदी आणली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडूनच दंड, हे लक्षात घे. आज गाव मुसलमान आहे आणि हा विषय चारचौघांत काढायचा नसतो. देवाला मात्र अजून जुनाच शब्द आहे, सोको. जुनी म्हण आहे, सोको लांब आहे.

खाण्यात तुला कुली-कुली आवडेल. आपण शेंगदाण्याची पेंड म्हशीला घालतो, ते तिची चकली करून खातात. कृती सांगतो, कारण घरी करून बघशीलच. दाणे मध्यम भाजायचे, सालं पाखडायची, पाण्याशिवाय लोण्यासारखे वाटायचे. मग मळत मळत चमचा-चमचा गरम पाणी घालायचं. तेल सुटायला लागतं. किलोभर दाण्यांत जवळजवळ निम्मं तेल असतं, हाताने त्यातलं अर्ध्याच्या आसपास निघतं. ते वेगळं काढायचं. उरलेल्या पेंडीत आलं, मीठ, तिखट. कडी किंवा कांड्या वळून त्याच तेलात तळायच्या. चुकतं कुठे? दाणे कच्चे राहिले तर तेल सुटत नाही, जास्त भाजले तर कडू. तेल पुरतं काढलं नाही तर कडी कढईत विरघळतात. पाणी जास्त झालं तर तेल तडतडतं, आणि कुली-कुली आतून ओली राहून चार दिवसांत बुरसते. बाजारात घेताना मोडून बघ. कट् असा आवाज आला पाहिजे. खवट वास आला तर फुकटही घेऊ नकोस.

शेवटी तुझ्या कामाचं. नायजर आणि कादुना नद्यांच्या पुराखालच्या पाणथळ जमिनीला फदामा म्हणतात. भात तिथे होतो. जवळच बडेग्गीला देशाची धान्य संशोधन संस्था आहे, वाणांची माहिती तिथे विचार. तुझ्याकडे येणारं भात बरंचसं बायकांनी घरी उकडलेलं असेल, कोकणातल्या उकड्यासारखं: गरम पाण्यात भिजवणं, फोल फुटेपर्यंत वाफ, मग वाळवणं. तुझी डोकेदुखी वाळवण्यात आहे. कडक उन्हात भरभर वाळवलं की दाण्याला आतून तडे जातात आणि गिरणीत कणी होते, तुला वाटेल यंत्र बिघडलं. जमिनीवर वाळवलं की खडे येतात आणि रोलर खातात. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी ताडपत्र्या आणि खडे काढायची चाळण मागव. आणि दर ठरवताना उकडणाऱ्या बायकांशी थेट बोल. हिशेब त्यांचा पक्का असतो.

माझं एक काम कर. मसागा वाड्यात जुनी बिकिनी अजून कुणाकडे असली तर एक मणी आण. उन्हात धरून बघ: अख्खा मणी हिरवा किंवा तपकिरी आरपार दिसला तर ती बिअरची बाटली. किंमत बाटलीचीच दे.

तुझा,
मोहन