चारधाम नंतर, आधी खोपोली

चि. मंगेश यास,
अनेक आशीर्वाद.

चारधामच्या बुकिंगचा तुझा निरोप मिळाला. पैसे भरले नसशील तर थांब, आणि भरले असशील तर परत मिळतात का ते विचार. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस आणि तुझे बाबा बाजूला उभे राहून "सांग ना, सांग ना" करत राहतात. म्हणून लिहून राहिले. रूपालीलाही वाचायला दे. तिला लवकर समजेल.

आम्ही हैदराबादला जाऊन आलो हे तुला चारमिनारपुढच्या फोटोवरून कळलं आणि तू पहिला प्रश्न केलास, "कोणत्या दवाखान्यात दाखवलं?" पन्नाशी उलटलेले आईबाप दवाखाना नाही तर देव, यापलीकडे कशासाठी गाव सोडत नाहीत असं तुझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आम्ही रोलर कोस्टरमध्ये बसायला गेलो होतो. मुद्दाम त्याच्यासाठीच, दुसरं काही काम नव्हतं. चारमिनार परतताना पाहिलं.

याचं मूळ वणीच्या जत्रेत आहे. लग्न झालं त्या वर्षी रंगनाथ स्वामींच्या जत्रेत तुझ्या बाबांनी मला आकाशपाळण्यात बसवलं. त्याआधी ते वाकून पाळण्याचे पाय पाहून आले, विटा आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेले, आणि दोन-चार नट हाताने फिरवून पाहिले. पाळणेवाला चिडला. पण पाळणा वरून खाली यायला लागला की पोटात जे होते, ते मला तेव्हापासून आवडते. पुढे तुझ्यासाठी म्हणून मी बसत होते असं तुला वाटत असेल. तू तर माझ्या पदरात तोंड खुपसून बसायचास. तिकीट तुझ्या नावाने निघायचं आणि हौस माझी भागायची.

मग हा फोन आला हातात. दुपारी मागचं आवरलं की मी एका गोऱ्या नवरा-बायकोचे व्हिडिओ पाहते. दोघंही आमच्याच वयाची असावीत. गाडीत सामान टाकतात आणि या पार्कातून त्या पार्कात कोस्टर करत फिरतात. ओहायोत इरी सरोवराच्या काठावर सीडर पॉइंट आहे, तिथला मिलेनियम फोर्स २००० सालचा, तीनशे फुटांहून उंच. तिथून तीन-चार तास गाडी हाकली की सिनसिनाटीजवळचं किंग्ज आयलंड. तिथला बीस्ट लाकडाचा, १९७९ पासून चालू, झाडीतून जातो आणि रूळ दोन किलोमीटरहून लांब. ती बाई दर वेळी उतरली की केस सारखे करते आणि नवऱ्याला पुन्हा रांगेकडे ओढते. नवरा मुकाट्याने जातो. हे मी तुझ्या बाबांना मुद्दाम दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "याले इंजिन कुठं आहे?"

तिथेच माझं काम झालं. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून उमर काढलेल्या माणसाला इंजिन सापडलं नाही, म्हणजे आता ते पाहायला जाणारच.

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा आटोपला, पऱ्हाटी उपटली, तूर घरात आली, तेव्हा निघालो. ढोरं तुझ्या काकाच्या हवाली केली. त्याला सांगितलं, हैदराबादला लग्न आहे. खरं सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. उपकेंद्रातल्या सिस्टरकडून दोघांचंही बीपी तपासून घेतलं होतं, तेवढं तुझ्या माहितीसाठी. तिला मात्र खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, मलाही घेऊन चला.

रस्ता तुला माहीतच आहे. पांढरकवड्यावरून सरळ खाली, चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग, बाबांच्या तोंडी अजून जुना सात नंबरच. पाटणबोरी मागे पडली, पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. पण आदिलाबादपर्यंत मला परमुलखात आल्यासारखं वाटलंच नाही. तोच कापूस, तीच काळी माती, आणि चहावाला मराठीतच बोलला. निर्मलच्या पुढे सोनच्या पुलावर गोदावरीत रुपया टाकला. आर्मूरजवळ मात्र नुसते दगडच दगड, एकावर एक चढलेले, ते कोणी रचले नसतील हे मला पटेना. धाब्यावर अंबाडीची भाजी मिळाली, आपल्याहून तिखट आणि आंबट. तिखटमिठाच्या पुऱ्या मी नेल्याच होत्या.

आणि भीती कुठे वाटली ते विचारशील तर इथे, या रस्त्यावर. उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, वर कडबा भरलेला. तुझे बाबा सत्तरच्या वर गेले नाहीत तरी माझा हात दरवाजाच्या कडीवरून सुटला नाही. त्या कोस्टरवर रूळ ठरलेले, समोरून कोणी येत नाही.

मेडचलच्या पुढे शहरात न शिरता रिंग रोड धरला आणि रविर्यालजवळ एका लॉजवर मुक्काम केला. वंडरला नावाचं पार्क तिथेच आहे, २०१६ साली सुरू झालं. सकाळी फाटक उघडायच्या आधीच आम्ही हजर. कॉलेजची पोरं, एक-दोन नवी जोडपी, एक शाळेची सहल आणि आम्ही. मी रूपालीने दिलेला पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी गाडीतच ठेवली, मंगळसूत्र आत घातलं. साडीवर हे जमत नाही, पदर कुठे सांभाळशील. पुऱ्याही पार्किंगमध्येच खाल्ल्या, बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

तिथल्या मोठ्या कोस्टरचं नाव रिकॉइल. वेकोमा नावाच्या हॉलंडच्या कंपनीचा आहे, त्यांचा बूमरँग म्हणतात तो प्रकार. दोन बाजूंना दोन उंच मनोरे, मध्ये रुळाचे वेटोळे, आणि रूळ पुढे जोडलेलेच नाहीत, दोन्हीकडे आभाळात संपतात. हे पाहून रांगेतली एक पोरगी माघारी फिरली. तुझे बाबा उलट कठड्याला टेकून खालीवर पाहत राहिले. त्यांना इंजिन सापडलं, म्हणजे इंजिन नाहीच हे सापडलं. आधी दोराने गाडी मागच्या मागे मनोऱ्यावर ओढून नेतात आणि सोडून देतात. बस, तेवढंच. मग सगळं काम ती उंची करते. गाडी वेटोळ्यातून पार होऊन समोरच्या मनोऱ्यावर चढते, पण वाऱ्यात आणि चाकांच्या घासणीत थोडा जोर गेलेला असतो, म्हणून माथ्यापर्यंत पोचत नाही. जेवढं कमी पडलं तेवढंच तिथली साखळी ओढून भरून काढते आणि पुन्हा सोडते, आता उलट्या दिशेने. "म्हणजे फक्त घासणीचं बिल भरायचं," बाबा म्हणाले. इतके खूश मी त्यांना कापसाला भाव लागला तेव्हाही पाहिलं नाही.

चाकंही त्यांनीच दाखवली. रुळाच्या वर चालणारी असतातच, पण बाजूने धरणारी वेगळी आणि रुळाच्या खालून धरणारी वेगळी. रूळ तिन्ही बाजूंनी पकडलेला, म्हणून उलटं झालं तरी गाडी सुटत नाही. आणि वेटोळं नीट गोल नाही, वरून अरुंद, खाली पसरट. याचं कारण मला माहीत होतं, व्हिडिओत पाहिलं होतं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १८८४ साली थॉम्पसन नावाच्या माणसाने अमेरिकेतला पहिला कोस्टर चालवला, पाच सेंट तिकीट आणि ताशी सहा मैल. अकराच वर्षांनी तिथेच पूर्ण गोल वेटोळ्याचा एक बांधला, तर त्यात शिरता-शिरता एवढा भार यायचा की माणसांच्या माना धरायच्या. पुढे १९७६ साली वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनसाठी हा पसरट आकार आखला, म्हणून आज माझ्यासारखी बाई मान घेऊन खाली उतरते. तुझ्या बाबांना मी काहीतरी शिकवलं असं लग्नानंतर क्वचितच झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिलं.

चष्मे आणि चपला बाजूला ठेवून बसलो. खांद्यावरून जाड कडं खाली आलं, छातीशी घट्ट बसलं, तिथल्या पोराने ओढून पाहिलं. बाबा म्हणाले, "जू ठेवलं मानेवर. आता समजलं बैलाले कसं वाटते." तेवढ्यात गाडी मागे सरकायला लागली. तोंड जमिनीकडे आणि आपण मागे-मागे वर. पायाखालची माणसं बारीक होत जातात ती सरळ डोळ्यांसमोर दिसतात, मान वळवायची सोय नाही. वर जाऊन थांबली. बाजूने मला बारीक आवाज ऐकू आला, "गण गण गणात बोते, गण गण गणात बोते." आणि सुटली.

वेटोळ्यात काय झालं ते पहिल्या वेळी मला सांगता येणार नाही. अंग जड झालं, गाल खाली ओढले गेले, मग एकदम वजनच गेलं. पोटात वणीचंच, पण वणीला ते एका क्षणात संपते, इथे संपतच नव्हतं. समोरच्या मनोऱ्यावर खट्ट झालं, साखळीने पकडलं, आणि आता तोंड आभाळाकडे. एक घार दिसली. हसू यायला लागलं म्हणून हसले. मग पाठीकडून खाली गेलो, आणि मागचं काही दिसत नसल्यामुळे ते जाण्याच्या वेळेपेक्षा भारी होतं. जाताना तीन वेळा डोकं खाली, येताना तीन वेळा. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

बाबा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा कोरा होता. पाणी प्यायले. म्हणाले, "मशीन चांगली आहे." नंतर मी पुन्हा रांगेत गेले तेव्हा ते आले नाहीत, चालवणाऱ्या पोराशी हिंदीत ब्रेकबद्दल बोलत बसले. मी एका कॉलेजच्या मुलीशेजारी बसले. तिने माझा हात धरला होता, मी तिचा नाही. दिवस मावळायच्या आधी बाबा आणखी एकदा बसले, या वेळी डोळे उघडे ठेवून, आणि जप नाही केला. किंवा मनातल्या मनात केला असेल.

आता चारधामचं. देवाशी माझं काही वाकडं नाही. शेगावला जातो, केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात जातो, पुढेही जाऊ. पण आता तू म्हणशील रोलर कोस्टर या वयात धोक्याचा, आणि केदारनाथला पाठवतोस. गौरीकुंडापासून वर सोळा किलोमीटरची चढण, चालत नाही तर घोड्यावर. देऊळ साडेअकरा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, आणि तिथवर पोचायला दरीच्या काठाने बस. तिथे खांद्यावर कडं कोणी घालत नाही. बाबांच्या गुडघ्याला वर चढणं नको, बसणं चालते. केदारनाथला घोडा आहे, पालखी आहे, हेलिकॉप्टर आहे, सत्तरीतही माणसं जाऊन येतात. या पाळण्यांच्या फलकावर मात्र आधीच लिहिलेलं असते: बीपी असेल तर नको, हृदयाचा त्रास असेल तर नको, पाठ-मान दुखत असेल तर नको. यातलं एकेक आज ना उद्या आम्हाला येणारच आहे. म्हणून क्रम असा लावला आहे.

पुढच्या उलंगवाडीनंतर खोपोली. तिथल्या इमॅजिका पार्कातला नायट्रो कोस्टर, २०१३ सालचा, बोलिजर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बांधलेला. चाळीस मीटर उंच, ताशी शंभरच्या वर वेग, पाच वेळा उलटा, आणि पायाखाली फळी नाही, पाय लोंबते. बसेपर्यंत स्टेशनात फळी असते, निघताना ती खाली सरकते. बाबांना ते सरकणं पाहायचं आहे, मला त्यानंतरचं. यवतमाळवरून धामणगावला समृद्धीवर चढू, संभाजीनगरला उतरून पुण्याला तुमच्याकडे एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सप्रेस वेने. समृद्धीवर जायचं म्हणून आधी चारही टायर नवे टाकायचे आहेत, बाबा त्यावर अडून बसले आहेत आणि ते बरोबरच आहे.

परत येताना निर्मलला लाकडी खेळणी पाहिली. तुमच्याकडे अजून खेळणाऱ्याचा पत्ता नाही म्हणून घेतली नाहीत. पण घाईही नाही. रूपालीला म्हणावं आधी नायट्रोवर बसून घे, मग नऊ महिने आणि वर काही वर्षं जमत नाही.

शनिवार-रविवार सोडून सुट्टी काढ, रांग कमी लागते. येताना तूरडाळ आणि तिखट आणतो, डबे रिकामे करून ठेवा. आणि तुला बसायचं नसेल तर जबरदस्ती नाही. खाली उभा राहून आमचे चष्मे आणि चपला सांभाळ, त्यालाही कोणीतरी लागतेच.

तुझी
आई