शाळेत डोळे तपासायला आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. तासगाव तालुक्यातली आमची झेडपी शाळा आणि तिसरीतला एक काटकुळा पोरगा एवढं सांगितलं तरी ओळखाल.

त्याच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी वाढायचा. एका दुकानदारानं मोबाईल काढून घ्या म्हटलं, काढून घेतला. दोन दिवस रडलं लेकरू. तुम्ही मात्र तक्ता बाजूला सारून टॉर्च लावलीत. "डावीकडं बघ. आता पटकन उजवीकडं." असं तीनदा. मग गुरुजींकडून मला बोलावून घेतलंत. बुबुळाचा पडदा थरथरतोय, आतलं भिंग जागेवरून सरकलेलं वाटतंय, म्हणालात. त्याला अंगठा आत घालून मूठ मिटायला लावलीत, तर अंगठ्याचं टोक पलीकडून बाहेर! त्याच लांब बोटांवर आजोबा खूश होते, नातू पेटी वाजवणार म्हणून. मी तेव्हा फटकन बोललो, "गाडीतल्या तपासणीत काय कळतंय?" त्याची आधी माफी मागतो.

मिरजेत औषध टाकून बाहुली मोठी केली आणि फोटो दाखवला. अर्ध्या बाहुलीत भिंग, अर्धी मोकळी. भिंग चारी बाजूंनी बारीक तंतूंवर ताणलेलं असतं म्हणे. मला द्राक्षाचा मांडव आठवला; एका अंगाच्या तारा सुटल्या की दुसऱ्या अंगाच्या तारा सगळं आपल्याकडं ओढतात. याच्या खालच्या तारा सैल, म्हणून भिंग वर चढलेलं. कारण मार्फन सिंड्रोम. आई अजून त्याला 'माफरान' म्हणते.

ज्या प्रथिनाच्या दोषानं हे तंतू कच्चे राहतात, तेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या महाधमनीलाही बळ देतं. म्हणून चिठ्ठीवर तुम्ही खाली दोन रेघा मारून लिहिलं होतंत, 'भूल देण्याआधी हृदयाचा इको'. महाधमनी थोडी रुंदावलेली निघाली. आता रोज गोळी आणि ठरल्या वेळी इको. डोळा दाखवायला गेलो आणि काळीज तपासून आलो.

मोतीबिंदूत नवं भिंग जुन्याच्या पिशवीत बसवतात. इथं पिशवीच निसटलेली. ती भिंगासकट काढली, डोळ्यातली पुढची थोडी जेलीही काढली आणि बुबुळाच्या मागं दोन नांग्यांनी पडद्याला धरून राहणारं भिंग बसवलं. खेकड्यासारखं. हॉलंडच्या वोर्स्ट नावाच्या डॉक्टरांची ही कल्पना, असं तिथले डॉक्टर सांगत होते. दुसरा डोळा तीन महिन्यांनी झाला. जवळचं वाचायला चष्मा लागतोच, नवं भिंग काही आपोआप जुळवून घेत नाही. एक डोळा आळशी राहिलाय, म्हणून दुसऱ्यावर रोज दोन तास पट्टी. त्या दोन तासांत घरात जे महाभारत होतं ते सांगत नाही. डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटायची भीती असते, त्यामुळे डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा चमक दिसली तर त्याच दिवशी निघायचं, हे आता आईलाही पाठ आहे.

परवा तासगाव स्टँडवर मी विट्याच्या गाडीत चढत होतो. पोरानं मागून शर्ट ओढला, "पप्पा, सांगलीची ती पलीकडची." पाटी त्यानं माझ्याआधी वाचली होती.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा गुरुजींच्या कपाटात बेदाण्यांची पिशवी असेल. घरचे आहेत. नाही म्हणू नका, ड्रायव्हरदादांनाही द्या.

आपला,
तिसरीतल्या त्या पोराचा बाप