दुसऱ्यांची पोट्टी

नागपूर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव लिहितानाच पेन कागदात रुतलं होतं, त्यामुळं आत काय असणार याचा अंदाज आला. "गल्लीतल्या पोट्ट्यांना जादूची विद्या वाटत सुटलास, उद्या आपल्याला तिकीट काढून कोण पाहील?" फोनवर उत्तर दिलं असतं तर आपण नेहमीसारखे भांडलो असतो. म्हणून लिहून राह्यलो.

पहिले मला हे सांग, लहान पोरांना जादू शिकवू नये हे ठरवलं कोणी? मदाऱ्याचा जमुरा आठव. चादरीखाली पडल्यापडल्या "हां उस्ताद" म्हणणारं ते पोरगं शाळेच्या वयाचं असतं आणि अर्धा डाव त्याच्याच जिवावर चालतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांकडं बघ. रघुवीर, मग विजय रघुवीर, मग जितेंद्र रघुवीर, तीन पिढ्या झाल्या. पी. सी. सरकारांकडंही तेच, मुलगा ज्युनिअर सरकार म्हणून गाजला, नात मनेका स्टेजवर आली. म्हणजे पोरांना शिकवायला कोणाचीच ना नव्हती बे. ना होती ती दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला. आपण दोघं तरी कोणत्या घराण्यातले होतो? गुरुजींनी महाल भागातल्या त्यांच्या खोलीत घेतलं नसतं, तर तू आज दुकानात गल्ल्यावर बसला असतास आणि मी कुठंतरी कारकुनी करत असतो.

दार लावून घेतलं की काय होतं याचा एक किस्सा सांगतो. लंडनची मॅजिक सर्कल ही जादूगारांची 1905 सालची संस्था, मोठा दबदबा. तिथं बायकांना प्रवेशच नव्हता. सोफी लॉइड नावाच्या बाईनं पुरुषाचा वेश घेऊन त्यांची परीक्षा दिली आणि पासही झाली. 1991 मध्ये संस्थेनं बायकांना दार उघडलं, तेव्हा तिनं आपलं खरं रूप सांगितलं, तर हिलाच काढून टाकलं! हातचलाखी पसंत होती, फक्त हात बाईचा निघाला. 2025 मध्ये तिला सन्मानानं परत घेतलं, म्हणजे चौतीस वर्षांनी अक्कल आली. त्याच सर्कलनं आता शाळकरी पोरांसाठी वेगळा क्लब चालवला आहे. ते बुडाले नाहीत, आपण कसे बुडणार?

आता तुझ्या खऱ्या भीतीकडं येतो. पोट्टे बोलतात. बोलतातच! रबर बँड दोन बोटांवरून दुसऱ्या दोन बोटांवर उडवायची युक्ती मी पहिल्याच तासाला देतो, आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होते. होऊ दे. ती त्याचसाठी दिलेली असते. कोण दुसऱ्या दिवशी गुपित फोडून येतो आणि कोण आजीला फसवून येतो, हे मला त्यातूनच कळतं. आजीला फसवणाऱ्याला मी पुढं बसवतो.

नाण्याचं मात्र तसं नाही. ते सांगून फुटत नाही. महालातून एक पोट्टी येते, वय दहा. रुपयाचं नाणं एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्यासारखं करायचं आणि घ्यायचं नाही, एवढंच काम. कसं करायचं ते तिला पाच मिनिटांत समजलं. पण हात एवढुसा, करंगळीच्या बाजूनं नाण्याची कड चमकायची. ते आरशापुढं बसून तिनं सुधारलं. मग डोळे अडले. रिकामी मूठ पुढं करायची आणि बघायची मात्र नाणं असलेल्या हाताकडं! पोरांचे हात खोटं बोलायला लवकर शिकतात, डोळ्यांना वेळ लागतो. शेवटी मी तिला फसवणंच बंद करायला लावलं. "आता खरंच घे. डाव्या हातात नाणं घे, मूठ मीट, त्याच्याकडं बघ." असं खरंखुरं घेत राह्यली, घेत राह्यली. मधेच म्हटलं, "आता घेऊ नको." मूठ तशीच मिटली, नजर तशीच मुठीवर गेली. तिची आई दारात उभी होती, ती म्हणाली, "कुठं गेलं?" आता या पोट्टीनं चौकात उभं राहून सगळं सांगितलं, तरी ऐकणाऱ्याला काय करता येणार आहे?

गुपितं तर यूट्यूबवर उघडी पडली आहेत. तुझ्या पोटावर पाय आला असेल तर तो तिकडून, माझ्या क्लासातून नाही.

यातली दुसरी बाजू आपण कधी नीट बोललोच नाही. श्याम मानवांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आपल्या नागपूरचीच. त्यांचे कार्यकर्ते शाळाशाळांत जिभेवर कापूर जाळून दाखवतात, लिंबातून "रक्त" काढतात आणि लगेच त्यामागचं रसायन सांगतात. तू त्यांच्यावरही चिडतोस. मला मात्र त्यांचं बरोबरच वाटतं. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, आणि कितीतरी वर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. चमत्काराच्या नावावर पैसे उकळणारा त्यात गुन्हेगार आहे. तिकीट लावून "मी तुम्हाला फसवणार आहे" म्हणणारा नाही. बाबाची युक्ती चारचौघांत फोडावी. आपली युक्ती ज्याला मेहनत करायची आहे त्यालाच द्यावी. या दोन गोष्टी मी पोट्ट्यांपुढं वेगळ्या ठेवतो, आणि ते आपल्यापेक्षा लवकर समजतात. हवेतून विभूती काढणाऱ्याचा व्हिडिओ दाखवला, तर एक जण म्हणाला, "सर, त्याचा अंगठा काऊन आखडलेला आहे?"

आणि शिकलेली पोरं काय करू शकतात ते जेम्स रँडी या जादूगारानं दाखवलंच आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय शक्तींवर प्रयोगशाळा निघाली होती. रँडीनं 1979 पासून तिथं दोन जादूगार पोरं घुसवली, एक सतरा वर्षांचा, एक अठरा. त्यांनी चमचे वाकवले आणि भौतिकशास्त्रज्ञ वह्या भरत बसले. 1983 साली रँडीनं सगळं जाहीर केलं. त्यानं आधीच पत्र लिहून सांगितलं होतं की तपासायला जादूगार बसवा. कोणी ऐकलं नाही. तुला मी हे मुद्दाम सांगतो, कारण शिकल्यासवरल्या माणसाला फसवणं किती सोपं आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि पोट्ट्यांनाही माहीत असलेलं बरं.

सगळंच शिकवावं असं मी म्हणत नाही. आग नाही, पातं नाही, तोंडात सुया नाहीत. ग्लिसरीन आणि पोटॅशियम परमँगनेटनं पेटणारा "होम" उन्हाळी शिबिरात आठ वर्षांच्या पोराच्या हाती देणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं? एका दिवसात प्रमाणपत्र आणि प्लास्टिकच्या सामानाचा डबा देणारी शिबिरंही मला आवडत नाहीत. तो डबा चार दिवसांत माळ्यावर जातो आणि पोराला वाटतं, जादू म्हणजे विकत मिळणारी वस्तू. दुसऱ्याच्या कार्यक्रमातला खास प्रयोगही मी देत नाही. तुझा दोरीचा प्रयोग कोणालाच दिलेला नाही, शपथेवर सांगतो.

इकडं ऊन पेटलेलं आहे. क्लास सकाळी आठलाच आटोपतो, तरी कूलर लावावा लागतो, आणि कूलर लावला की पत्ते उडतात. म्हणून पत्ते सध्या बंद, नाणी आणि वाट्या-गोळ्याच चालू.

तान्ह्या पोळ्याला ये. मारबतींची मिरवणूक बघून होईल, आणि दुसऱ्या दिवशी या पोट्ट्यांपुढं तुझी दोरी कापून दाखव. वहिनींनाही आण. येताना गुरुजींच्या पितळी वाट्या तुझ्याकडं आहेत त्या घेऊन ये, इथं स्टीलच्या वाटीखाली गोळा ठेवला की टणकन आवाज येतो. आणि त्या महालातल्या पोट्टीच्या अगदी समोर बसू नको, ती हल्ली पाहुण्यांच्या खिशातून रुमाल काढायचा सराव करून राह्यली आहे.

तुझा,
बाळ्या