चि. मिनूस, रविवारच्या भांडणानंतर

सातारा, बुधवार

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी न सांगता निघालीस. पुण्याहून सायकलने आलीस, जेवायला बसलीस आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवलेला तसाच, तुझा डोळा लागला. ओजूने टाळ्या पिटल्या. श्रीनगर ते कन्याकुमारी सायकलने जायच्या नादात झोप मोडतेस, हे मी सुहासरावांसमोर बोलायला नको होतं. "बाबा, तुम्ही एसटी चालवलीत, सायकल नाही" हे तुझं खरं. पण झोप दोन्हीकडे सारखीच येते. असो. झोपेबद्दल लिहिणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय.

आधी हाताचं. करंगळी आणि अनामिका बधिर होतात म्हणालीस. तळव्यातून करंगळीच्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते, म्हणून. तुझं वजन पंचावन्न किलो, टायर 28 मिमी रुंदीचे आणि हवा भरतेस शंभर पीएसआय! पुढे साठ, मागे पासष्ट ठेवून बघ. हँडलवरची बार टेप दुहेरी गुंडाळ, हँडलखाली एक स्पेसरची चकती घालून ते वर घे. मानेलाही बरं पडेल. फार लांबच्या शर्यतीत मान उचलून धरणारे स्नायूच संपतात, डोकं वर राहत नाही. 'शर्मर्स नेक' म्हणतात ते हेच. एकदा झालं की रस्त्यावर त्याला इलाज नाही.

खाणं तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं, पोट सरावलं की 80. एक केळं म्हणजे साधारण 25. आणि उन्हात नुसतं पाणी ढोसू नकोस. रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पितो. मीठ हवंच.

आता तुझं गणित. श्रीनगर ते कन्याकुमारी सुमारे 3,600 किमी. नाशिकच्या ओम महाजनने 2020 मध्ये 8 दिवस 7 तास 38 मिनिटांत केलं. तू नऊ दिवस धरलेस, म्हणजे रोज 400. ताशी 22 ने अठरा तास. उरले सहा, त्यात खाणं, पंक्चर, कपडे. झोपायला तीन मिळाले तर नशीब. ते नऊ दिवस निभतीलही गं. मला भीती आत्ताची आहे. ओजूचा अभ्यास, भांडी, अकराला पाठ टेकायची आणि चारला ट्रेनरवर, घरातच जागच्या जागी सायकल. त्यावर शनिवारी 250 किमी. ताकद भरून निघते ती झोपेतच. बुधवारचा ट्रेनर सोड. पहाटे उठल्यावर नाडी मोज. सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आली, तर त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही.

लिहिलंच शेवटी. माफ कर.

दुसरीत होतीस, भाड्याची सायकल हाफ पायडल मारताना नाल्यात पडलीस. गुडघ्यातून रक्त, आणि आम्ही घरी न्यायला लागलो तर म्हणालीस, "अजून दहा मिनिटं उरलीत." नाशिकच्या काकू अजून सांगत असतात. मीही सांगतो, तुझ्यामागे.

त्या नऊ दिवसांत तुझ्यामागून येणाऱ्या गाडीत पहाटे दोन ते पाच मी बसेन. वेग उतरला, हाकेला ओ आली नाही किंवा पांढरी पट्टी दोनदा ओलांडलीस की थांबायचं. कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. कॉफी चढायला तेवढाच वेळ लागतो. तासभर झोपलीस तर गाढ झोपेतून उठवावं लागतं आणि नंतर अर्धा तास सायकल सरळ जात नाही. झोपायचं तर दीड तास. हे गाडीतला माणूस ठरवेल, तू नाही. त्या वेळी माझ्याशी वाद घालायचा नाही, हे आत्ताच कबूल कर.

डिरेलरचे, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर टांगतो ते, हँगर दोन मागवलेत. गाडीवर सायकल उजव्या कुशीवर ठेवली की तो वाकतो आणि मग चेन स्पोकमध्ये जाते.

शुक्रवारी ओजूला इकडे सोड, सोमवारपर्यंत. सोडायला येताना सायकल नको, एसटीने ये.

तुझे,
बाबा