तुझं पोट साफ होतं ना?

औसा
मंगळवार, पहाटे

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं आलंय, चष्मा लावून वाच. पहिली ओळ मोठी निघते, मग हात आखडत जातो. फोनवर तू "बरं बरं" म्हणतोस अन् ठेवतोस, म्हणून लिहितोय.

त्या रात्री माझ्या पोटात कळा आल्या अन् तू पुण्याहून गाडी काढून आलास. सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं नॉर्मल. मग बाहेर आल्यावर म्हणालास, "काहीच नाही तर एवढं ओरडता कशाला?" राग नाही. रात्रभर जागलेला माणूस बोलतोच. पण दुखत होतं, लेकरा.

काल मेंदूच्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. कंपवाताच्या रात्री नऊच्या गोळीचा अंमल पहाटे चारपर्यंत उतरतो, अन् स्नायू आपले आपण आवळतात. माझ्या डाव्या पायाची बोटं वाकडी होतात ते तू बघितलंस. तसंच पोटाचं, फळी होते नुसती. ते सोनोग्राफीत कसं दिसणार? त्यात आतडी मंद. पोट साफ नसलं की गोळीही उशिरा लागू होते.

तुझं पोट साफ होतं ना रे? उगं विचारलं.

आईनं वही घातलीय: गोळी कधी, कळ कधी, जेवण कधी. ती बघूनच डॉक्टरांनी वेळा बदलल्या. मी गोळी दुधाबरोबर घ्यायचो, ते बंद. दूध-वरणातली प्रथिनं अन् गोळी एकाच दारातून आत घुसायला बघतात, बाजाराच्या दिवशीच्या एसटीसारखं. गोळी बिचारी खालीच राहते. आता साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. कळ आली की गरम पाण्याची पिशवी, गुडघे पोटाशी, अन् जमेल तेव्हा आईच्या हाताला धरून ओसरीत येरझाऱ्या. कळ लगेच जाते असं नाही, पण काढता येते. शेजारच्यांनी खाजकुहिरीची पूड आणून दिली होती. तिच्यात तेच औषध असतं म्हणे, गोळीवर गोळी झाली असती. परत केली.

एक सांगायचं राहिलं. त्या रात्री दवाखान्यात उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन देणार होते. तू सिरिंज बघून नाव विचारलंस अन् म्हणालास, "त्यांना कंपवात आहे, हे चालत नाही." मी कळा काढत होतो तरी ऐकलं. हे तू कधी वाचून ठेवलंस?

डॉक्टरांनी विचारलं, बद्धकोष्ठता कधीपासून? मोजलं, तर हात थरथरायच्या दहा-बारा वर्षं आधीपासून. लातूर–पुणे नाइट एसटीवर ड्यूटी होती, मी तिलाच दोष द्यायचो. तू सहावी-सातवीत, माझा तिकिटाचा पंच घेऊन वहीच्या कागदांना भोकं पाडायचास. घरभर टिकल्या, आई झाडून थकायची. पुढं मशीन आलं अन् बोट बटणावर दोनदा पडायला लागलं, दोन-दोन तिकिटं निघायची. किती वेळा खिशातून भरलेत.

१८१७ साली ज्या पार्किन्सन डॉक्टरनं या रोगावर लिहिलं, त्यानंही आतडी मंदावल्याचं नोंदवलंय म्हणे. पण पोटाची तक्रार जगात कोणाला नसते, अन् हा रोग बहुतेकांच्यात बापाकडून लेकाकडं येत नाही, हेही डॉक्टर म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण मी दोनदा विचारलं.

मला समजलं. पण दिवाळीत तू आईकडं इसबगोल मागितलंस. अन् फोडणी करपली, सगळे नाक दाबून अंगणात आले, तेव्हा तू आत मोबाइल बघत बसला होतास. वास जाणं हेही या रोगात आधीच सुरू होतं, लेकरा. हे लिहायचं नव्हतं.

पाणी पीत जा. रात्री बाराला जेवू नको. भाकरी खा, चाल, खुर्चीला चिकटून बसू नको. झालं माझं "पुढं सरका, पुढं सरका" सुरू. कंडक्टरकी सुटत नाही, माफ कर.

येळवसच्या सणाला ये. सुट्टी नसली तरी ये. भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं करणार आहे आई. शेतात कोपीपाशी आंबिलीचं मडकं उघडलं की आधी लसणाचा वास येतो. मी काही विचारणार नाही. नुसतं तुझ्याकडं बघीन.

तुझा,
आण्णा